चर्चच्या ओसरीवर कायदा

१९ मे २०२० च्या पहाटे सोलापूरहून नागपूरला निघालेली एसटी बस यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी तालुक्यात एका ट्रकवर आदळली. बसमध्ये झारखंडला परतणारे मजूर होते. नागपुरात त्यांना रेल्वे धरायची होती. चार जण दगावले, पंधरा जखमी झाले. टाळेबंदीच्या त्या दिवसांत अशी बातमी एक दिवस छापून यायची आणि दुसऱ्या दिवशी तिच्या जागी दुसरा अपघात असायचा.

कायद्याचे काम मात्र बातमी संपल्यावर सुरू होते. मोटार वाहन कायद्याचे कलम १६६ सांगते की भरपाईचा दावा अपघात घडला तिथे लावता येतो, वारस राहतात तिथे लावता येतो किंवा प्रतिवादी राहतो तिथेही लावता येतो. म्हणजे परप्रांतात मेलेल्या मजुराच्या बायकोला त्या प्रांतात हेलपाटे घालायची गरज नाही. आपल्याच जिल्ह्याच्या न्यायाधिकरणात ती अर्ज देऊ शकते. पण प्रथम माहिती अहवाल, घटनास्थळाचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल ही कागदपत्रे असतात अपघात झाला त्या पोलीस ठाण्यात आणि दवाखान्यात, तिला न येणाऱ्या भाषेत. ती मिळवायची कोणी? तिला हे कलम सांगायचे कोणी? आणि तिच्या दाराशी कमिशनवर केस मागायला येणाऱ्या दलालाआधी तिच्यापर्यंत पोचायचे कोणी?

स्थलांतरितांना परवडणारी, भरवशाची कायदेशीर मदत हा विषय या तीन प्रश्नांचा आहे. जगाच्या काही भागांत त्यांचे उत्तर चर्चने दिले. ते कसे दिले आणि यवतमाळसारख्या जिल्ह्यात त्याचा काय उपयोग, हे या प्रस्तावनेत पाहायचे आहे. मांडणीचा गाभा आरंभीच सांगितलेला बरा: घर सोडून गेलेल्या माणसाच्या बाजूने कायदे पुष्कळ आहेत, त्याला कमी पडते ती जवळची, ओळखीची, न घाबरता चढता येईल अशी पायरी. प्रार्थनास्थळ ती पायरी होऊ शकते. अमेरिकेत ती झाली आहे.

अमेरिकेतली परिस्थिती आधी समजून घ्यायला हवी, कारण ती आपल्याकडच्या कल्पनेपेक्षा कठोर आहे. तिथे चोरीच्या आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळतो. ज्याला देशाबाहेर घालवायचे आहे, त्याला मिळत नाही. परकीयांच्या प्रकरणांचा कायदा वकील ठेवण्याचा हक्क मान्य करतो, पण सरकारचा एक पैसाही खर्च न होता. इन्ग्रिड ईगली आणि स्टीव्हन शेफर या अभ्यासकांनी २००७ ते २०१२ या काळातली बारा लाखांहून अधिक प्रकरणे तपासली, तेव्हा फक्त ३७ टक्के लोकांना वकील मिळालेला आढळला. कोठडीत असलेल्यांत तर १४ टक्क्यांना. उरलेल्यांत इंग्रजी न येणाऱ्या आया होत्या, तरुण मुले होती. समोर प्रशिक्षित सरकारी वकील, आणि ही माणसे दुभाष्याच्या आधाराने स्वतःची बाजू स्वतःच मांडणारी.

या पोकळीत चर्च आले. लुथरन पंथाची स्थलांतरित आणि निर्वासित सेवा १९३९ पासून काम करत होती. मोठा टप्पा आला तो १९८६ च्या कायद्याने. त्या कायद्याने कागदपत्रांविना राहणाऱ्यांना ठरावीक मुदतीत अर्ज करून कायम होण्याची संधी दिली, आणि पुढे सुमारे सत्तावीस लाख लोक तिच्यामुळे कायदेशीर झाले. सरकारी कचेरीत जायला लोक भीत होते. आत गेलो की पकडतील, ही धास्ती. म्हणून अर्ज भरून देण्याचे काम सरकारने काही संस्थांवर सोपवले आणि त्यांत चर्चशी जोडलेल्या अनेक होत्या. रविवारी जिथे मिस्सा होई तिथेच आठवड्याच्या मधल्या दिवशी पगाराच्या पावत्या, भाड्याच्या चिठ्ठ्या आणि मुलांचे शाळेचे दाखले जुळवले जाऊ लागले. या अनुभवातून कॅथलिक बिशपांनी १९८८ मध्ये स्थलांतरितांच्या कायदेशीर मदतीचे एक राष्ट्रीय जाळे उभे केले. ते आजही सर्वांत मोठ्या जाळ्यांपैकी एक आहे. स्थानिक केंद्रांना प्रशिक्षण देणे, अवघड प्रकरणात सल्ला देणे, हे त्याचे मुख्य काम.

मेथडिस्टांनी १९९९ मध्ये वेगळी रीत बसवली. चर्चच्या हॉलमध्ये महिन्यातून ठरलेल्या दिवशी वकील येतो. मंडळीतले स्वयंसेवक आलेल्यांचे स्वागत करतात, चहा-खाणे देतात, मुलांना खेळवतात, दुभाष्याचे काम करतात आणि माहिती लिहून घेतात. वकिलाचा वेळ फक्त वकिलीला लागतो. हा तपशील किरकोळ वाटेल, पण परवडण्याचे गणित इथेच सुटते. वकिलाच्या कचेरीचे भाडे, कारकून, प्रतीक्षागृह हा सगळा खर्च मंडळीने उचललेला असतो. उरतो तो वकिलाचा पगार, आणि तो देणगीतून निघतो.

याला जोड मिळाली सरकारी नियमाची. अमेरिकेच्या न्याय खात्याने मान्यता दिलेल्या बिनफायद्याच्या संस्थेतला प्रशिक्षित माणूस वकील नसला तरी स्थलांतरितांचे अर्ज हाताळू शकतो. वरच्या दर्जाची मान्यता असेल तर न्यायाधीशासमोर उभाही राहू शकतो. निवृत्त शिक्षिका, परिचारिका, पाद्र्याची पत्नी अशा बायका हे शिकून घेतात आणि एकेका गावाचा आधार बनतात. जिथे शंभर मैलांत या कायद्याचा वकील नाही, तिथे हे फार मोलाचे ठरते.

मराठी कुटुंबांनाही हे माहीत असलेले चांगले. संगणकाच्या नोकरीवर गेलेल्याची कागदपत्रे कंपनीचा वकील पाहतो, पण नवऱ्याच्या व्हिसावर गेलेल्या आणि घरात मार खाणाऱ्या बाईचा वकील कोण? नागरिकाच्या किंवा ग्रीनकार्डधारकाच्या छळ सोसणाऱ्या पत्नीला नवऱ्याच्या सहीवाचून स्वतःचा अर्ज करण्याची वाट १९९४ च्या कायद्याने मोकळी केली. नवऱ्याकडेच तात्पुरता व्हिसा असेल तर तिचा मार्ग वेगळा आणि अधिक खडतर असतो. कुठली वाट आपली, हे सांगणारा माणूस तिला हवा. चर्चच्या हॉलमध्ये बसणारा वकील तिचा धर्म विचारत नाही.

चर्चची मदत नेहमी इतकी शांत नव्हती. २४ मार्च १९८२ रोजी ॲरिझोनातल्या टुसॉन शहरात साउथसाइड प्रेसबिटेरियन चर्चने जाहीर केले की एल साल्वादोर आणि ग्वाटेमालातून जीव वाचवून आलेल्यांना आपण आसरा देणार. जॉन फाइफ हे तिथले पाद्री. १९८६ मध्ये त्यांना आणि सहकाऱ्यांना न्यायालयाने दोषी ठरवले. तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या देखरेखीवर सोडले. त्याच काळात, १९८५ मध्ये, अमेरिकन बॅप्टिस्ट चर्चेस आणि इतर धार्मिक संस्थांनी थेट सरकारवर दावा लावला: या दोन देशांतल्या लोकांचे आश्रयाचे अर्ज पक्षपाताने फेटाळले जात आहेत. १९९१ मध्ये सरकारने तडजोड केली आणि त्या निर्वासितांना नव्याने सुनावणी मिळाली. आसरा देण्याने अनेक माणसे वाचली असतील, पण दाव्याने हजारोंची दारे पुन्हा उघडली. भूतदया आणि वकिली यांतला हा फरक या विषयात सतत लक्षात ठेवावा लागतो.

महाराष्ट्रात याला सर्वांत जवळचे काम कोणते, असे विचारले तर सिस्टर जीन देव्होस यांचे नाव घ्यावे लागेल. बेल्जियममध्ये जन्मलेली ही धर्मभगिनी १९६० च्या दशकात भारतात आली. १९८५ मध्ये त्यांनी घरकामगारांची राष्ट्रीय चळवळ सुरू केली आणि पुढे मुंबई हे तिचे मोठे केंद्र झाले. मुंबईच्या उंच इमारतींत राहून काम करणाऱ्या किती तरी मुली झारखंड, छत्तीसगडच्या आदिवासी गावांतून आलेल्या असतात. त्या मालकाच्या घरातच झोपतात. पगार गावी पाठवतो असे सांगून दलाल ठेवून घेतो. मारहाण झाली, चोरीचा आळ आला, पगार बुडाला, तर शहरात त्यांचे ओळखीचे एकच ठिकाण असते आणि ते म्हणजे रविवारचे चर्च. देव्होस यांच्या चळवळीने या ओळखीवर काम उभे केले. पोलीस ठाण्यात बरोबर जाणे, थकलेला पगार वसूल करणे, मुलीला घरी पोचवणे हे रोजचे काम होतेच, शिवाय त्यांनी कामगारांना संघटित केले. महाराष्ट्राने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये केला. १४ वर्षांखालील मुलांना घरकामाला ठेवण्यावर देशभर बंदी आली ती १० ऑक्टोबर २००६ पासून. १६ जून २०११ रोजी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार संमत केला, त्यामागे जगभरच्या अशा चळवळींचा रेटा होता. भारताने तो करार अजून स्वीकारलेला नाही, आणि ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

दुसरा धागा जेझुइट या कॅथलिक संघातल्या धर्मगुरूंचा. इंडियन सोशल इन्स्टिट्यूट ही त्यांची संस्था १९५१ मध्ये पुण्यात सुरू झाली आणि १९६३ मध्ये दिल्लीला गेली. कायद्याचे ज्ञान सामान्य कार्यकर्त्यापर्यंत नेण्याचे काम तिने नेमाने केले. लीगल न्यूज अँड व्ह्यूज हे तिचे नियतकालिक त्यासाठीच. याच नावाच्या बंगळूरच्या संस्थेचे एके काळचे संचालक फादर स्टॅन स्वामी पुढे रांचीला गेले आणि तुरुंगात वर्षानुवर्षे खितपत पडलेल्या आदिवासी कच्च्या कैद्यांसाठी त्यांनी झारखंड उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. ८ ऑक्टोबर २०२० रोजी भीमा कोरेगाव प्रकरणात त्यांना अटक झाली आणि ५ जुलै २०२१ रोजी, जामिनाची वाट पाहत असताना, मुंबईच्या होली फॅमिली रुग्णालयात त्यांचे निधन झाले. कच्च्या कैद्यांसाठी झगडणारा माणूस स्वतः कच्चा कैदी म्हणून गेला. गरिबाच्या बाजूने कायदा हातात धरणे आपल्याकडे किती महाग पडू शकते, हे या विषयाची ओळख करून देताना लपवून चालणार नाही.

हे काम ख्रिस्त्यांचीच मिरास आहे असेही नाही. १९८२ मध्ये फरिदाबादच्या दगडखाणींतल्या परप्रांतीय मजुरांबद्दल सर्वोच्च न्यायालयाला जे पत्र गेले, ते स्वामी अग्निवेश यांच्या बंधुआ मुक्ती मोर्चाचे होते. आर्य समाजाचा भगवा घातलेल्या संन्याशाच्या संघटनेचे ते पत्र न्यायालयाने याचिका मानले आणि डिसेंबर १९८३ मध्ये न्यायमूर्ती भगवती यांच्या पीठाने ठरवले की मजुराकडून सक्तीने काम करून घेतले जात असल्याचे दिसले, तर ते उचलीपोटीच, म्हणजे आगाऊ दिलेल्या पैशापोटीच, आहे आणि म्हणून तो वेठबिगार आहे असे न्यायालयाने गृहीत धरावे. तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकाची. ऊसतोडीच्या आणि वीटभट्टीच्या प्रत्येक मजुराला हे एक वाक्य पाठ असायला हवे.

आता यवतमाळकडे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे जिल्ह्याची लोकसंख्या पावणेअठ्ठावीस लाखांच्या घरात आणि त्यांत सुमारे साडेअठरा टक्के आदिवासी: गोंड, आंध, परधान, कोलाम. पुसद, दिग्रस, दारव्हा, उमरखेड या पट्ट्यात बंजारा तांडे. जमीन कोरडवाहू, पीक कापसाचे. दिवाळी सरली की तांड्यातून टोळ्या उठतात. मुकादमाने पावसाळ्यातच उचल दिलेली असते. कोणी उसाच्या फडात पश्चिम महाराष्ट्रात जाते, कोणी वीटभट्टीवर, कोणी पुण्या-मुंबईच्या बांधकामावर, कोणी पैनगंगा ओलांडून तेलंगणात. आणि जिल्हा माणसे फक्त पाठवत नाही, घेतोही. वणी भागातल्या कोळशाच्या खाणी, राजूरच्या चुनाभट्ट्या, मुकुटबनचा सिमेंट कारखाना इथे परप्रांतीय हात राबतात. जुना सात क्रमांकाचा आणि आताचा चव्वेचाळीस क्रमांकाचा महामार्ग पांढरकवड्यावरून जातो. २०२० च्या उन्हाळ्यात हैदराबादकडून उत्तरेला चालत निघालेले लोक याच रस्त्याने गेले.

या ये-जा करणाऱ्यांना कायदा कसा भेटतो, याचे एक उदाहरण विचार करायला लावते. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा पाच किंवा अधिक कामगारांना लागू होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. तिने एक चांगली गोष्ट केली: मुकादमाविना स्वतःहून दुसऱ्या राज्यात गेलेल्यालाही व्याख्येत घेतले. पण संख्येची अट दहावर नेली. आठ जणांची टोळी बाहेर राहिली. आणि ‘आंतरराज्य’ ही अट कायम आहे. समजा, झरी-जामणीतले एक कोलाम जोडपे मोठ्या टोळीबरोबर नदी ओलांडून आदिलाबादेत कापूस वेचायला गेले, तर ते या तरतुदींच्या नजरेत स्थलांतरित. पुसदचे बंजारा कुटुंब पाच-सहाशे किलोमीटरवर कोल्हापूरच्या फडात सहा महिने पालात राहिले, तर ते नाही, कारण राज्याची सीमा ओलांडलेली नाही. बाईला दिवस गेलेले, मुलांची शाळा सुटलेली, रेशनकार्ड गावात. तरी कायद्याच्या लेखी ती माणसे घरीच आहेत.

तरीही त्यांच्या हातात काहीच नाही असे नाही. वेठबिगार निर्मूलनाचा १९७६ चा कायदा राज्याच्या आत-बाहेर पाहत नाही. उचल फिटली नाही म्हणून भट्टीवरून हलू न देणे हा गुन्हा आहे. जिल्हाधिकारी किंवा उपविभागीय अधिकाऱ्याने सोडवून मुक्ती प्रमाणपत्र दिले की कायद्यानेच रद्द ठरलेले कर्ज कोणी मागू शकत नाही. पुनर्वसनाची केंद्रीय योजना आहे आणि तातडीची मदत ३० हजार रुपयांपर्यंत मिळू शकते. त्या प्रमाणपत्रावर सगळे अवलंबून असते, आणि ते मागणारे पत्र लिहायला कोणी नसते.

झरी-जामणी, मारेगाव, केळापूर या आदिवासी तालुक्यांतला कुमारी मातांचा प्रश्न वर्तमानपत्रांतून वर्षानुवर्षे गाजला. बाहेरून कामासाठी आलेला ठेकेदार, ड्रायव्हर, व्यापारी लग्नाचे आमिष दाखवतो, मूल होते आणि काम संपले की तो निघून जातो. इथे हलणारा माणूस पुरुष आहे आणि त्याच्या हलण्याचा भार एका जागी राहिलेल्या मुलीवर पडतो. कायदा स्पष्ट आहे: आई-वडिलांचे लग्न झालेले असो वा नसो, अपत्याला बापाकडून पोटगीचा हक्क आहे. मुलगी अठराच्या आतली असेल तर बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा आहे. मुलगी आदिवासी असेल आणि आरोपी अनुसूचित जाती-जमातीचा नसेल तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. इतके कायदे एका झोपडीभोवती उभे आहेत, आणि झोपडीतल्या मुलीला तालुक्याचे न्यायालय कुठे आहे तेही माहीत नाही.

जिल्ह्याचा आवाज दूरवर पोचू शकतो हे यवतमाळने एकदा पाहिले आहे. २०१७ च्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यात गेले. त्यांतल्या दोन मृतांच्या विधवा आणि एक बचावलेला शेतकरी यांच्या वतीने २०२१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या न्यायालयात कीटकनाशके बनवणाऱ्या सिंजेंटा कंपनीवर दावा दाखल झाला; कंपनीने आरोप नाकारले आहेत. हे घडले कारण पीडितांची संघटना, कीटकनाशकांविरुद्ध काम करणारे भारतीय कार्यकर्ते आणि युरोपातले वकील यांची साखळी जुळली. ही स्थलांतराची गोष्ट नाही. मधला माणूस असला तर खेड्यातली विधवा किती दूरच्या न्यायालयात उभी राहू शकते, एवढ्यासाठी ती इथे सांगितली.

यवतमाळला चर्चही नवे नाही. फ्री मेथडिस्ट मिशनचे अर्नेस्ट आणि फीबी वॉर्ड १८८१ मध्ये मुंबईत उतरले आणि बऱ्हाणपूरमार्गे वऱ्हाडच्या बाजूला आले. त्यांच्या मंडळीने पुढे यवतमाळ हे मोठे ठाणे केले. देशभरच्या प्रोटेस्टंट पाद्र्यांना घडवणारी युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ मध्ये यवतमाळला सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्याला जाईपर्यंत तिथेच होती. पांढरकवडा भागातल्या उमरीच्या मिशन दवाखान्याचे नाव जुन्या माणसांच्या तोंडी आहे. कॅथलिकांच्या दृष्टीने जिल्हा १९५५ मध्ये स्थापन झालेल्या अमरावती धर्मप्रांतात येतो. या सगळ्या वारशात शाळा आहे, वसतिगृह आहे, दवाखाना आहे. कायद्याची ओसरी नाही. ज्या मंडळीने इथल्या माणसाचा ताप उतरवला आणि त्याला अक्षर शिकवले, तिने त्याच्या थकलेल्या मजुरीचा अर्जही लिहावा, ही अपेक्षा अवाजवी नाही.

अर्थात अमेरिकेची रीत जशीच्या तशी इथे उचलता येणार नाही. १९६१ च्या वकील कायद्याप्रमाणे न्यायालयात वकिली करण्याचा हक्क नोंदणीकृत वकिलांचाच. चर्चचा प्रशिक्षित स्वयंसेवक न्यायाधीशासमोर स्थलांतरिताची बाजू मांडू शकत नाही. पण दोन वाटा खुल्या आहेत. औद्योगिक वादात कामगाराच्या वतीने कामगार संघटनेचा पदाधिकारी उभा राहू शकतो. वकिलाला तिथे विरुद्ध पक्षाची संमती लागते. संघटना बांधण्याचे मोल इथे कळते. दुसरी वाट विधी सेवेची, आणि यवतमाळला तीच अधिक जवळची आहे.

घटनेत ४२ व्या दुरुस्तीने अनुच्छेद ३९-अ आला आणि मोफत कायदेशीर मदत हे राज्याचे कर्तव्य ठरले. १९७८ मध्ये होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कैद्याचा तसा हक्क मान्य केला. पुढच्याच वर्षी हुसैनारा खातून प्रकरणाने तो देशभर गाजवला. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. त्याच्या कलम १२ ची यादी यवतमाळच्या माणसाने नीट ऐकावी: अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, स्त्री, बालक, अपंग, मानवी व्यापाराचा किंवा वेठीचा बळी, आपत्तिग्रस्त, औद्योगिक कामगार, कोठडीतला माणूस. यांना उत्पन्नाची अट नाही. कोलाम स्त्रीला वकील मोफत मिळण्यासाठी ती कोलाम असणे पुरेसे आहे, स्त्री असणेही पुरेसे आहे. बाकीच्यांना महाराष्ट्रात वार्षिक तीन लाखांची मर्यादा आहे. कायद्यात शब्द ‘व्यक्ती’ असा आहे, ‘नागरिक’ असा नाही. म्हणून भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नसली तरी परदेशातून आलेला निराधारही हे दार ठोठावू शकतो. १ सप्टेंबर २०२५ पासून परकीयांविषयीचा नवा कायदा लागू झाल्यावर तर त्याला अशा सल्ल्याची गरज अधिकच आहे.

मग अडते कुठे? अडते ते न्यायालयाच्या आवाराच्या फाटकाशी. मजूर त्या आवारात फक्त आरोपी म्हणून गेलेला असतो. विधी सेवा प्राधिकरणाने २००९ पासून निमवैधिक स्वयंसेवकांची योजना ठेवली आहे: गावातल्याच माणसाला शिकवायचे, त्याने प्रश्न ओळखायचा, अर्ज लिहायचा आणि वकिलापर्यंत पोचवायचे. अमेरिकेतल्या चर्चच्या स्वयंसेविकेचे जे काम, त्याचा मोठा भाग हाच. तिथे खोली, चहा, विश्वास आणि ठरलेला दिवस मंडळीने दिला. इथे वकील आणि त्याचे मानधन देण्याची तयारी राज्याने कायद्यात दाखवलेली आहे. खोली, ठरलेला दिवस आणि विश्वास मात्र कोणीतरी द्यायचा बाकी आहे. खर्चाच्या हिशेबाने पाहिले तर यवतमाळचे काम अमेरिकेतल्यापेक्षा सोपे आहे.

एक शंका उघडपणे बोलली पाहिजे. चर्चमध्ये मदत म्हटली की धर्मांतराचा संशय येतो, आणि आदिवासी भागात तो लगेच येतो. याला चिडून उपयोग नाही. मदतीच्या दिवशी प्रवचन नको, पत्रके नकोत, आलेल्याच्या नोंदीत धर्माचा रकाना नको. प्रकरण विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाकडे गेले की चर्चचे काम संपले. हे नियम पाळणे चर्चच्याही हिताचे आहे, कारण मदतीच्या बदल्यात काही मागितले गेले की तिच्यातला न्याय संपतो आणि उपकार उरतात. पैशाचेही तसेच. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी देणगी एका संस्थेकडून दुसरीकडे देता येत नाही आणि प्रशासनावर वीस टक्क्यांहून अधिक खर्चता येत नाही. तेव्हा हे काम स्थानिक वर्गणीवरच उभे राहायला हवे, आणि ते उभे राहू शकते. महिन्यातून एक दिवस खोली उघडायला परदेशी डॉलर लागत नाहीत.

हीच खोली बौद्ध विहारात असू शकते, तांड्यातल्या सेवालाल महाराजांच्या मंदिरापुढे असू शकते, दर्ग्याच्या आवारात असू शकते. विदर्भात गावोगावी तुकडोजी महाराजांचे गुरुदेव सेवा मंडळ आहे. सामुदायिक प्रार्थनेला जमणाऱ्या माणसांत अर्ज लिहू शकणारा एक तरी निवृत्त मास्तर असतोच. चर्चचे उदाहरण इथे पुढे ठेवले ते त्यांनी ही रीत आधी बसवली आणि तिचे फळ मोजता आले म्हणून.

या वर्षी टोळ्या निघण्याआधी दोन गोष्टी करता येतील. ज्या मंडळीकडे, विहाराकडे किंवा मंदिराकडे एक खोली आणि दोन शिकलेली माणसे आहेत, तिने यवतमाळच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला किंवा तालुका समितीला पत्र लिहून निमवैधिक स्वयंसेवकांचे प्रशिक्षण आणि महिन्याला एक वकील मागावा. आणि कामावर जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने मुकादमाचे पूर्ण नाव-गाव, घेतलेली उचल, कारखान्याचे किंवा भट्टीचे ठिकाण आणि निघाल्याची तारीख एका कागदावर लिहून, त्याची प्रत गावात भरवशाच्या माणसाकडे ठेवावी. पुढे मजुरी बुडाली, अपघात झाला किंवा कोणी अडकवून ठेवले, तर वकील पहिल्यांदा हाच कागद मागतो. मोफत कायदेशीर मदतीचा देशभरचा फोन नंबर १५१०० आहे.